चार बोटांचं अंतर

मुसफ्फाच्या ज्या फॅब्रिकेशन शेडमध्ये मी प्रॉडक्शन इंजिनिअर आहे, तिथे मी रविवारी तलवार खेळायला जातो हे कुणालाच माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर चार दिवस चेष्टा झाली असती, आणि पाचव्या दिवशी 'महाराज' असं नाव कायमचं चिकटलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

मुसफ्फापासून गाडीनं सव्वा तासावर, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरच्या तळघरात, जिमला लागून, एक हॉल आहे. तिथे एक पोर्तुगीज म्हातारा जुनी युरोपियन तलवारबाजी शिकवायचा. दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार, पोलादी पण बिनधारेची. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात गादीसारखं जाड जाकीट. बायको मुलाच्या शाळेसाठी त्याला घेऊन पुण्याला गेली, मुसफ्फाजवळचा शाबियातला फ्लॅट खायला उठला, आणि त्या दिवसांत मोबाईलवर काहीबाही शोधताना मला हा वर्ग सापडला. पहिल्या रविवारी नुसता बघायला गेलो होतो. त्याला आता सहा वर्षं झाली.

म्हाताऱ्याकडे जुन्या पोथ्यांमधल्या चित्रांच्या झेरॉक्स होत्या. घट्ट विजारी घातलेली माणसं, हातात तलवारी, चेहऱ्यावर काहीच भाव नाहीत. मला वाटलं होतं की चारशे-पाचशे डाव पाठ करावे लागतील. तो म्हणाला, डाव विसर. डाव जर्मन असतात, इटालियन असतात. त्यांच्या खाली जे आहे ते कुठल्याच देशाचं नाही. माणसाला दोन हात, दोन पाय आणि एक पाठीचा कणा, मग तो कुठलाही असो.

हे मला पटलं, कारण ते सगळं मी शेडमध्ये रोज बघत होतो. तलवारीचा मुठीजवळचा भाग बळकट आणि टोकाकडचा कमजोर. समोरच्याचं टोक आपल्या मुठीजवळ घेतलं तर सडपातळ माणूसही पैलवानाला अडवतो. गंजलेला नट सुटत नाही तेव्हा आमचे फिटर पान्यावर पाइप चढवून तो लांब करतात, तोच हिशोब. दुसरं, आधी हात हलला पाहिजे, मग अंग, मग पाय. पाय आधी हलला की समोरच्याला बातमी मिळते. तिसरं, तलवारीला तलवार भिडली की डोळे मिटले तरी चालतं, पुढचा दाबतोय की सोडतोय ते मनगटाला समजतं. पण या सगळ्यांच्या आधी अंतर. कुठे उभं राहिलं तर लागत नाही, आणि किती पुढे गेलं की लागतं. म्हातारा म्हणायचा की ज्याला अंतर कळलं त्याला बाकीचं उशिरा कळलं तरी चालेल.

मी हे सगळं वहीत मराठीत लिहून काढलं. आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी. वडील मार्केट यार्डात हमाल होते. मला जे काही आलं ते वाचून आणि लिहून आलं, वारशात काही मिळालं नाही, आणि ते सांगायची मला लाज नाही. वहीची दीडशे पानं भरली. म्हाताऱ्याला ती वाचता येत नव्हती, पण त्यातल्या आकृत्या बघून तो मान डोलवायचा.

यंदा जानेवारीत त्यानं सांगितलं की त्याचं काम संपलं, मे महिन्यात तो कायमचा लिस्बनला परत जाणार. वर्ग बंद करायचा नाही, कुणाकडे तरी सोपवायचा. त्याच्या मते दोघं त्या लायकीचे होते. एक मी, आणि दुसरी दुबईतच, कुसैसमध्ये वाढलेली एक मराठी मुलगी. ती सव्वीस वर्षांची, तिथेच सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायची. मी तिच्याशी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि शेवटी अंकल लावायची. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघांनी एकेक तास शिकवून दाखवायचं आणि मग आपसात खेळायचं. त्यानंतर तो ठरवणार.

मला ते हवं होतं. किती हवं होतं ते लिहायला आज जरा जड जातं. शेडमध्ये माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, पण ती साहेब म्हणतात ते खुर्चीला. या हॉलमध्ये वीस माणसं, त्यांत डॉक्टर, पायलट, एक बँकेतला मोठा अधिकारी, माझ्यासमोर रांगेत उभी राहतील आणि मी सांगेन ते करतील. वडील शाळेतल्या गुरुजींना रस्त्यात बघून डोक्यावरचं पोतं खाली ठेवायचे. मला एकदा त्या जागी उभं राहायचं होतं.

शिकवण्याची मला काळजी नव्हती. वही होती. काळजी खेळण्याची होती. ती मुलगी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि आठवड्यातून चार दिवस सराव करायची. मला मुसफ्फात सरावाला माणूस पाहिजे होता.

तो मला शेडमध्येच सापडला. आमच्याकडे राधानगरीकडचा एक फिटर होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. कामगारांच्या कॅम्पची बस यायला वेळ होता म्हणून तो शेडच्या मागे उभा राहून हातातली वायरी ओवायची कंड्युटची पाइप फिरवत होता. त्याचं पाइपकडे लक्षही नव्हतं, बाजूच्या माणसाशी बोलणं चालू होतं. पाइप एकदा डोक्यावरून, एकदा पाठीमागून, एकदा पायांजवळून जात होती, आणि तिचं टोक प्रत्येक वेळी नेमकं त्याच जागी येत होतं. मी विचारलं तर तो गडबडला, पाइप खाली ठेवली. त्याला वाटलं, साहेब ओरडणार. मग कळलं की लहानपणी त्यानं गावच्या वस्तादाकडे लाठी आणि पट्टा केला होता, बारा-चौदा वर्षं.

मी त्याला माझं सांगितलं. कुणाला बोलू नको म्हणून बजावलं. पुढच्या शुक्रवारपासून आम्ही दुपारी, शिफ्ट सुटल्यावर, लोखंडी प्लेटा रचून ठेवतात त्या मोकळ्या जागेत सराव करायला लागलो. मी क्लासमधून नायलॉनच्या दोन तलवारी आणि दोन मुखवटे आणले होते. बसच्या ड्रायव्हरला मी सांगून ठेवलं होतं, तो याच्यासाठी अर्धा तास थांबायचा.

पहिल्या दिवशी मी त्याला वहीतली तत्त्वं समजावून सांगितली. हात आधी, पाय नंतर. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आमचा वस्ताद म्हनायचा, पाय हालला की खबर गेली. त्येच की ह्ये." प्रत्येक तत्त्वाचं असंच झालं. मी पोथीतलं वाक्य सांगायचो आणि तो त्याच्या वस्तादाचं. मला आनंद व्हायचा आणि थोडा रागही यायचा. आनंद अशासाठी की म्हातारा म्हणतो ते खरं निघालं, खालचं सगळं एकच आहे. राग कशाचा ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तीन महिन्यांत मी त्याला एकदाही सिलिकॉन ओएसिसला नेलं नाही. माझ्या गाडीत जागा होती, रविवारी त्याला सुट्टी होती. त्यानं एकदा विचारलंही, तुमचा तो वर्ग लांब हाय का. मी म्हणालो, लांब आहे आणि फी लागते. फी मी भरू शकलो असतो, म्हाताऱ्यानं घेतलीही नसती. पण त्या हॉलमध्ये त्याला बघून म्हातारा काय म्हणेल, ते मला आधीच दिसत होतं.

सराव चांगला चालला. सुरुवातीला तो मला दहातले सात मारायचा. मार्चमध्ये पाच-पाच झालं. एप्रिलमध्ये मी सहा, कधी सात. त्याचा वार माझ्या मुखवट्यापर्यंत यायचा आणि थोडक्यात चुकायचा. मी डोकं मागे न घेता नुसता उभा राहायचो, वार समोरून निघून जायचा आणि मी आत शिरून मारायचो. वहीत मी लिहिलं, 'अंतर आता अंगात उतरलं.'

एप्रिलचा तो रविवार आला. शिकवण्याचा तास माझा चांगला झाला, हे मी स्वतःच म्हणतो. त्या मुलीचा बरा झाला, पण तिनं सांगितलं कमी आणि लोकांना खेळवलंच जास्त. मग आम्ही दोघं मधे उभे राहिलो.

आमच्याकडे पंच नसतो. ज्याला वार लागतो त्यानं स्वतः हात वर करून 'लागला' असं म्हणायचं. जाड जाकिटावर काय लागलं आणि काय घासून गेलं ते बाहेरून दिसत नाही, ज्याचं अंग त्यालाच ठाऊक. म्हणून सगळा खेळ माणसाच्या जिभेवर चालतो. मी त्या दिवशी हात वर केला. नऊ वेळा केला. तिनं तीनदा.

पहिला वार आला तेव्हा मी उभाच होतो, कारण माझं अंग सांगत होतं की तो पोचणार नाही. तो मुखवट्यावर बसला. दुसरा तसाच. मला वाटलं, ती लांब पाऊल टाकते आहे. मी तिचा पाय बघायला लागलो, त्यात तिसरा बसला. चौथ्यानंतर ती थांबली, मुखवटा वर करून म्हणाली, "अंकल, आर यू ओके? यू आर नॉट मूव्हिंग." मी म्हणालो, खेळ. त्यापुढचं सांगण्यासारखं नाही. कडेला बसलेले लोक पहिले दोन वार बसले तेव्हा बोलत होते, नंतर गप्प झाले. त्यांना माझी दया यायला लागली, ती गप्प बसण्यात कळते.

म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. तो रागावला नाही. त्यानं हाताची चार बोटं जोडून माझ्या मुखवट्यासमोर धरली आणि म्हणाला की तू प्रत्येक वेळी एवढाच जास्त जवळ उभा राहतोस. कधी तीन बोटं, कधी सहा, असं असतं तर ती घाई म्हटली असती. प्रत्येक वेळी चारच. म्हणजे हे कुणीतरी तुला शिकवलं आहे. सराव कुणाबरोबर करतोस?

मी म्हणालो, एकटाच करतो.

त्यानं मान हलवली. वर्ग त्या मुलीकडे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

शेख झायेद रोडवरून परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत मला काही सुचलं नाही. तिथे पेट्रोल भरायला थांबलो आणि तेव्हा एकदम कळलं. तो प्रत्येक वार चार बोटं आधी थांबवत होता. मोजून. चुकून असं होत नाही. हवेत पाइपचं टोक एकाच जागी आणणारा माणूस तो, तो चार बोटांनी चुकेल कसा?

शुक्रवारी दुपारी तो नेहमीसारखा प्लेटांपाशी आला. काय झालं हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं की हरलो. त्याला खरंच वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग मी विचारलं, हात आखडता घेऊन किती दिवस खेळतोयस?

तो मुखवट्याचा पट्टा सैल करायला लागला. "पहिल्या म्हयन्यानंतर सुरू केलं साहेब."

"का?"

"तुमी लई कष्ट घ्येत हुता. वाटलं, जरा हुरूप यिल." मग तो म्हणाला, "आन् शनवारी परत तुमच्याच हाताखाली. साहेबाच्या तोंडावर रोज रोज कसं मारायचं?"

त्यात लबाडी नव्हती. आमच्याकडे साहेबाशी पत्ते खेळतानाही लोक असंच करतात. मी नोकरीला लागलो तेव्हा मॅनेजरबरोबर कॅरम खेळताना मीही राणी सोडत होतो. पण कॅरममध्ये राणी सोडली तर मॅनेजरच्या हाताला खोटी सवय लागत नाही. इथे माझ्या डोळ्यांना, पायांना, मानेला दोन महिने खोटं अंतर पाजलं गेलं होतं. आणि त्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला कळत होतं, पण साहेबाला मारायचं नाही हे त्याहून आधी शिकलेलं होतं.

मी म्हणालो, आज पूर्ण मार. तो नको म्हणाला. मी म्हणालो, ही ऑर्डर समज.

मग त्यानं पूर्ण मारलं. अर्ध्या तासात मला किती लागले ते मी मोजलं नाही. पण प्रत्येक वेळी मी हात वर केला आणि लागला म्हणालो, एकही लपवला नाही. माझी तलवार त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. तो फार हलतही नव्हता. अर्धं पाऊल मागे, अर्धं पुढे, आणि मधल्या क्षणात वार. म्हातारा सहा वर्षं जे तोंडानं सांगत होता ते मी पहिल्यांदाच समोर बघत होतो.

आणि तो खुलला. मी त्याला शेडमध्ये कधी असा पाहिला नव्हता. मला सांगायला लागला, पाय बघू नका साहेब, छाती बघा. मूठ सैल सोडा, चोराला धरल्यावानी धरू नका. एकदा माझं कोपर धरून त्यानं ते खाली दाबलं, जसा म्हातारा दाबायचा. शेवटी मी दमून प्लेटांवर बसलो तेव्हा तो हसत म्हणाला, "साहेब, तुमचं शिक्शान जरा जास्त झालंय. मार यायच्या आदी तुमी इचार करताय."

मीही हसलो. बस आली, तो गेला. जाताना दारातून त्यानं हात केला, साहेबाला करतात तसा नव्हे, दोस्ताला करतात तसा.

त्या दिवशी घरी जाऊन मी वही उघडली नाही.

मंगळवारी पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या साइटची मॅनपॉवर लिस्ट आली. बारा फिटर पाठवायचे, सहा महिन्यांसाठी, मे ते ऑक्टोबर. नावं मी भरायची. तिथे उन्हाळ्यात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पत्र्याच्या केबिन, जवळचं दुकान गाडीनं पाऊण तासावर, आणि वारा सुटला की जेवणात वाळू. पंचेचाळीसच्या पुढच्या माणसांना शक्यतो पाठवायचं नाही असा आमचा अलिखित नियम. तो अठ्ठेचाळीसचा होता. अकरा नावं मी तरुणांची भरली. बारावं त्याचं लिहिलं आणि पुढे शेरा मारला, अनुभवी.

अनुभवी तो होताच. साइटवर एक जाणता माणूस हवाच असतो. कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. कुणी विचारलं नाही.

त्या आठवड्यातल्या रविवारी नव्या वर्गाचा पहिला दिवस होता. मी गेलो. गेलो नसतो तर हरलो म्हणून आला नाही असं झालं असतं. मी दुसऱ्या रांगेत उभा राहिलो. ती मुलगी मधे उभी होती, जरा घाबरलेली, पण बोलत होती नीट. त्या दिवशी तिनं घेतलं ते वार करून झाल्यावर मागे कसं यायचं ते. ती म्हणाली, लोक समजतात की वार लागला की खलास. वार लागलेल्या माणसाचे हात अजून त्याच्याच खांद्याला असतात. तो चिडलेला असतो. तुम्ही जिंकल्याच्या आनंदात तलवार खाली घेता, आणि तो मारतो. म्हणून मारल्यावर स्वतःला झाकून बाहेर पडायचं. हे जगातल्या सगळ्या शस्त्रांना लागू आहे.

मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "क्लिअर, अंकल?" मी म्हणालो, क्लिअर.

माझ्याबरोबर जोडीला एक पायलट होता. त्यानं मला मारलं, मागे यायला विसरला, आणि मी त्याच्या मनगटावर मारलं. तो म्हणाला, वा. मला तिथून बाहेर पडावंसं वाटत होतं.

साइटची बस गुरुवारी पहाटे निघणार होती. बुधवारी शिफ्ट सुटल्यावर तो माझ्या केबिनमध्ये आला. दारात चपला काढायला लागला, मी म्हणालो, असू दे. तो उभाच राहिला.

"माजं नाव तुमी घातलं म्हनत्यात साहेब," तो म्हणाला.

"हो. चांगला माणूस पाहिजे होता तिकडे."

"व्हय," तो म्हणाला. त्यानं आणखी काही विचारलं नाही. त्याला कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. माणूस कुठून मारणार ते समोरच्याच्या छातीवरून ओळखणारा तो. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि हाक पुन्हा पहिल्यासारखी झाली होती, साहेबाला मारतात तशी, थोडी खालून.

जाता जाता तो थांबला. "तिकडं कुनी खेळनारं हाय का साहेब? लाठी म्हना, तुमचं ते म्हना. सा म्हयनं हात बसून ऱ्हाईल."

मी म्हणालो, विचारून सांगतो.

तो इन्शाल्ला म्हणाला, इथे सगळेच म्हणतात तसं, आणि गेला. मी ड्रॉइंग पुढे ओढलं.

तिथला साइट इंजिनिअर माझ्या ओळखीचा आहे. आमचं दर आठवड्याला फोनवर बोलणं होतं, वेल्डिंगबद्दल, उशिरा पोचलेल्या मालाबद्दल. आज जुलैची वीस तारीख. मी त्याला अजून विचारलेलं नाही.